पोर्टलंडच्या चुनखडीवर पहिल्यांदा बाहेरचं क्लाइंबिंग: जिममधला सराव पुरतो का?

रानजाई
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला असतो. नवरा आणि मी दोघंही इनडोअर वॉलवर, म्हणजे क्लाइंबिंगच्या जिममध्ये, नियमित जातो, लीड करतो (दोर वाटेत अडकवत स्वतः पुढे चढतो), बिले देतो (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळतो), ६ए ग्रेडपर्यंतचे (आकडा मोठा तितका मार्ग अवघड) मार्ग बऱ्यापैकी जमतात. लेक आठ वर्षांची; तिला वर चढवणं सोपं, "आता खाली ये" म्हणून विनवणं कठीण. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला खऱ्या दगडावर जायचं घाटतंय. डॉर्सेटमधल्या पोर्टलंडला 'द कटिंग्ज' म्हणून छोटा कडा आहे, तिथे. सासू-सासरे साताऱ्याहून आलेले असतील, तेही बरोबर.

जेवढं वाचलं त्यावरून माझं मत असं झालंय की बोल्ट (दोर अडकवायला खडकात पक्के ठोकलेले) आधीच बसवलेले, मार्ग आखूड, ग्रेड आवाक्यातली, म्हणजे ही जिमच, फक्त वर छप्पर नाही. नवरा म्हणतो पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर घेऊ. त्याचे दिवसाचे पैसे बघितले तर तेवढ्यात नवा रोप, म्हणजे दोर, येईल. जाऊन आलेल्यांनी सांगा, कोणाचं बरोबर?

ढाकोबा
ताई, रागावू नका, पण बोल्टमागून बोल्टला दोर अडकवत वर जाणं याला आम्ही क्लाइंबिंग म्हणत नव्हतो. सह्याद्रीत सुळक्यावर एक बोल्ट बसवायचा तर हातोडा घेऊन, एका पायावर तोल सांभाळत, अर्धी सकाळ भोक पाडण्यात जायची. त्यामुळे जिथे दुसरा इलाजच नाही तिथेच बोल्ट ठोकला जायचा. तुमचं म्हणजे आयत्या बोल्टवर नागोबा.

नागफणी
@ढाकोबा, मला उगाच मध्ये ओढू नका :)

रानजाई
ढाकोबा, रागावले नाही. नागोबा व्हायला माझी काहीच हरकत नाही, सुरक्षित नागोबा व्हायचंय एवढंच.

साउदॅम्प्टनचा सदा
रानजाई, मी तिथून गाडीने दीडेक तासावर राहतो, पोर्टलंड आमचं नेहमीचं. नवऱ्याचं बरोबर आहे, पण कारण तुम्हाला वाटतंय ते नसावं.

चढण्यात फार फरक पडत नाही. म्हणजे पडतो: रंगीत होल्ड (हातापायाच्या पकडी) नसतात, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा हे शोधण्यातच दम जातो. पहिला बोल्ट जिमपेक्षा उंच असू शकतो, पुढचेही लांब लांब. सोपे मार्ग वर्षानुवर्षं हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात. जिममधला ६ए वाला इथे ५ वर घाम गाळतो. पण हे सगळं तासाभरात अंगवळणी पडतं.

खरा फरक माथ्यावर पोचल्यावर आहे. जिममध्ये वर कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) लटकत असतो, दोर त्यात टाकला की "टेक" (दोर ताणून धर) म्हणायचं आणि खाली. बाहेर बऱ्याच मार्गांच्या माथ्यावर धातूचं बंद कडं (रिंग) किंवा साखळी असते. बंद कड्यात दोर क्लिप होत नाही, ओवावा लागतो. आणि ओवायचा म्हणजे जमिनीपासून दहा-पंधरा मीटरवर, वारा सुटलेला असताना, कधीतरी हार्नेसची (कमरेला बांधायच्या पट्ट्यांची) गाठ स्वतःच्या हाताने सोडायची. हे जिममध्ये कोणी शिकवत नाही, कारण तिथे लागतच नाही.

या खेळातले बरेचसे वाईट अपघात चढताना होत नाहीत, उतरताना होतात. वरचा ओरडतो "सेफ". खालच्याला वाटतं झालं काम, तो बिले यंत्रातून दोर काढून मोकळा होतो. वरच्याच्या मनात "सेफ" म्हणजे "अँकरला (माथ्यावरच्या रिंगला, साखळीला) अडकलोय, आता मला खाली घे" असं असतं, तो मागे रेलतो. दुसरा प्रकार, दोर अपुरा पडतो आणि मोकळं टोक बिलेमधून सटकतं. दुसऱ्याला इलाज फुकट आहे: दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारून ठेवा, दरवेळी. पहिल्याला इलाज म्हणजे जमिनीवर असतानाच ठरवून घ्यायचं की मी वर काहीही ओरडले तरी तू बिले काढायचा नाहीस.

हेल्मेट दोघांनीही, आणि पायथ्याशी नुसतं बसलेल्यांनीही. पोर्टलंडवर शतकानुशतकं खाणी चालल्या, त्यातला टाकाऊ दगड कड्यांवरून खाली लोटला गेला. कड्याच्या माथ्यावर सुटा माल भरपूर.

गवतीचहा
सदा यांना +१. "सेफ" हा शब्द आम्ही घरात बंदच केलाय.

चुनखडी
माझा धंदा दगडांचा, त्यामुळे थोडं अवांतर, पण कामाचं.

सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पोर्टलंडची चुनखडी त्याच्या दुपटीहून जुनी, जुरासिकच्या अखेरीची, १४.५ ते १५ कोटी वर्षं. तेव्हा तिथे उथळ, कोमट समुद्र होता. शिंपले, शंख, चुन्याचे बारीक कण तळाशी बसून हा खडक झाला. खाणकामगार तिथल्या थरांना वेगवेगळी नावं देतात, त्यातल्या 'रोच' थरात शिंपल्यांचे ठसेच ठसे आहेत. एक पेचदार लांबट शंख तर इतका जागोजागी सापडतो की त्याला 'पोर्टलंड स्क्रू' हेच नाव पडलंय. टायटॅनाइट्स नावाचे अजस्र अमोनाइटही याच दगडात सापडतात, मोठ्या परातीएवढे. लेकीला हे आधी सांगू नका, नाहीतर चढणं राहील बाजूला.

आता कामाचं. बेसॉल्टवर चाकूची नीट रेघ उठत नाही, चुनखडीवर सहज उठते. म्हणूनच बुटांनी ती गुळगुळीत होते. पण त्याच चुनखडीत चर्टचे पट्टे आणि गोळे असतात, गारगोटीच्या जातीचे, फार कठीण. आजूबाजूची चुनखडी झिजते आणि चर्ट बाहेर डोकावत राहतो. हे उत्तम होल्ड असतात, फक्त धरण्याआधी तळहाताने ठोकून बघायचे. पोकळ आवाज आला तर हात दुसरीकडे. काही ठिकाणी पाणी झिरपून कॅल्साइटचा पापुद्रा चढलेला असतो, त्याला फ्लोस्टोन म्हणतात. दिसायला देखणा, पण दमट हवेत त्यावर बूट टिकेल याची खात्री धरू नका.

सिमेंटवाला
चुनखडी साहेब, आमच्या दुकानाच्या पाटीवर तीस वर्षं 'ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट' लिहिलंय. हे तेच पोर्टलंड का?

चुनखडी
तेच. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन नावाच्या इंग्रज माणसाने सिमेंटचं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ते पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून त्याने हे नाव दिलं. सिमेंटमध्ये पोर्टलंडचा दगड असतो असं मात्र नाही. लंडनमधलं सेंट पॉल्स कॅथीड्रल या दगडाचं आहे, व्हाइटहॉलमधलं सेनोटाफही.

सिमेंटवाला
म्हणजे मी जन्मभर ज्याच्या गोण्या उचलल्या त्यावर हे लोक पैसे देऊन चढतात. चालू द्या.

मालवणी मीठ
सिमेंट झालं, आता लोखंडाकडे. 'बोल्ट आधीच बसवलेले' हे वाक्य वाचून मी थबकलो.

आमच्याकडे किनाऱ्यावर खिडकीचे गज किती टिकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोखंडाला गंज चढला की दिसतो तरी. स्टेनलेस स्टीलचं दुखणं वेगळं. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आणि धातूवरचा ताण मिळून आतल्या आत बारीक चिरा पडत जातात, याला स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात. वरून बोल्टवर तपकिरी डागापलीकडे काही दिसत नाही आणि एक दिवस तो हाताच्या जोरानेही तुटू शकतो. थायलंडमध्ये क्राबीजवळ राइले आणि तोनसाईच्या समुद्राकाठच्या चुनखडीवर हे फार झालं. चांगल्या स्टेनलेसचे बोल्टही थोड्याच वर्षांत गेले, शेवटी टायटॅनियमचे बसवायला लागले. इंग्लंडची हवा थंड, तिथे एवढ्या वेगाने होत नाही, पण समुद्र तो समुद्रच.

गंमत अशी की उघड्यावरचे, पावसात भिजणारे बोल्ट त्यातल्या त्यात बरे. पाऊस मीठ धुऊन नेतो. पुढे झुकलेल्या कड्याखाली, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही, तिथे मीठ साचत जातं. तुम्ही "कोरडा आहे, छान आहे" म्हणून ज्या कोपऱ्यात जाल तिथलाच बोल्ट नीट बघा. बोल्ट हलतोय का, नट सैल आहे का, हँगर (बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी) एका धातूचा आणि बोल्ट दुसऱ्या असं आहे का. शंका आली तर त्यावर लटकू नका, पुढच्या मार्गावर जा. एवढं इन्स्ट्रक्टर पाच मिनिटांत दाखवतो.

ढाकोबा
मालवणी मीठ, छान लिहिलंत. आता मला सांगा, जो बोल्ट तुम्ही ठोकला नाही, कोणी ठोकला माहीत नाही, कधी ठोकला माहीत नाही, त्यावर जीव टाकायचा? आमचा बोल्ट वाकडा का असेना, पण कोणी ठोकला ते नावानिशी माहीत असायचं.

साउदॅम्प्टनचा सदा
ढाकोबा, इथे अगदीच अंधार नाही. बोल्ट बसवणारे बहुतेक हौशी क्लाइंबर असतात, स्वतःचे शनिवार-रविवार घालून जुने बोल्ट बदलतात. डॉर्सेटमध्ये त्यासाठी बोल्ट फंड आहे, चढणाऱ्यांच्या वर्गणीवर चालतो. रानजाई, इन्स्ट्रक्टर घ्या न घ्या, चार पौंड तिथे टाका.

आणि सुळक्यावरचे ते नावानिशी माहीत असलेले बोल्ट आज तपासतं कोण? लिंगाण्यावर, वजीरवर गर्दी वाढलीय, दोर लावून माणसं चढवली जातात. त्यातले किती जण बोल्टकडे मान वर करून बघतात?

ढाकोबा
हा मुद्दा मान्य. त्यावर वेगळा धागा काढायला हवा. मी काढणार नाही, शिव्या खायचं वय राहिलं नाही.

बेलापूरकर
ढाकोबांचा 'बोल्ट नको' सूर ऐकून गंमत वाटली. सह्याद्रीवाल्यांतलेच लोक बेलापूरला विनादोर बोल्डरिंग (कमी उंचीच्या दगडांवरची चढाई) करत होते आणि त्याच मंडळींनी २०१६ आणि २०१७ ला नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप भरवून दाखवला. गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेवाल्यांनी. प्लास्टिकचे होल्ड, खाली गाद्या, समोर जगातले अव्वल क्लाइंबर. ते क्लाइंबिंग नव्हतं का?

ढाकोबा
ते बघायला मी पहिल्या रांगेत होतो. पुढचा प्रश्न?

गवतीचहा
:) :)

स्वानेजची सून
इथे एक गोष्ट राहिली. डॉर्सेटमध्येच ढाकोबांसारखी माणसं राहतात, फक्त पोर्टलंडला नाही, पूर्वेकडे स्वानेजला. तीच किनारपट्टी, चुनखडीच, पण तिथे समुद्रावरचे बहुतेक कडे बिनबोल्टचे. भेगेत नट आणि कॅम (अडकवून परत काढता येणारी धातूची साधनं) बसवत चढायचं, दुसरा येतो तो काढत येतो. बोल्ट ठोकला तर गावभर बोंब. का? तर प्रत्येक कड्याचा रिवाज तिथल्या चढणाऱ्यांनी आपापसांत ठरवलाय. डान्सिंग लेज वगैरे मोजक्या ठिकाणी बोल्ट चालतात. काही ठिकाणी तर खाली खोल पाणी आहे म्हणून दोरच घेत नाहीत, पडलं की समुद्रात. या प्रकाराची इंग्लंडातली मुळं डॉर्सेटमध्येच आहेत.

सांगायचं हे, की रानजाईने कटिंग्जसाठी केलेली तयारी शेजारच्या कड्याला चालेलच असं नाही. गाइडबुक विकत घ्या आणि जायच्या आदल्या दिवशी बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलची, ॲक्सेसची (कुठे चढायला मुभा आहे याची) माहिती बघा. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत पक्ष्यांच्या विणीमुळे काही भाग बंद असतात. तुम्ही मे महिन्यात जाताय. बीएमसीचं सभासदत्व घेतलंत तर तुमच्यामुळे दुसऱ्याला इजा झाल्यास त्याचा विमाही मिळतो.

बिनसाखरेचा
मला क्लाइंबिंगमधलं ओ की ठो कळत नाही. सासू-सासऱ्यांचं काय करणार? तासन्‌तास मान वर करून बघत बसणार का ते?

रानजाई
हाच प्रश्न सासूबाईंनी विचारला. "तुम्ही लोंबकळा, आम्ही कुठे बसायचं?"

स्वानेजची सून
बेट छोटं आहे, सहा किलोमीटर लांब. कटिंग्ज पूर्वेच्या अंगाला, जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेला. तिथला पायथा इतर कड्यांच्या मानाने बरा, फोल्डिंग खुर्च्या घेऊन जा. सकाळी ऊन असतं, दुपारनंतर सावली आणि सावलीत गारठा. सासूबाईंना मे आहे म्हणून फसवू नका, स्वेटर आणि कानटोपी द्या. कंटाळले तर दक्षिण टोकाला पोर्टलंड बिलचं लाल-पांढरं दीपगृह आहे, १९०६ सालचं. जुन्या टाउट खाणीत दगडात कोरलेली शिल्पं आहेत, पायवाटेने हिंडत बघायची. येताना चेसिल बीच लागतो, गोट्यांचा नुसता बांध, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. त्याच्या कडेनेच बेटावर रस्ता जातो.

नागफणी
२०१२ च्या लंडन ऑलिंपिकची शिडाच्या होड्यांची शर्यत तिथेच झाली होती ना?

स्वानेजची सून
हो, वेमथ आणि पोर्टलंडला. पण सासूबाईंना होड्यांपेक्षा चहा कुठे मिळतो ते आधी सांगा. बिलला मिळतो.

गाठोडं
मुलीबद्दल कोणी बोललं नाही. आठ वर्षांची म्हणजे कंबर आणि कुल्ल्यांत फारसा फरक नसतो, साधा हार्नेस घातलेली मुलं उलटी होऊन निसटू शकतात. अंगभर हार्नेस घ्या किंवा वर छातीचा जोडा. जिममध्ये ऑटोबिलेची (आपोआप बिले देणाऱ्या यंत्राची) सवय असेल तर आणखी एक: अंगाने हलकी मुलं वरून रेलतात तेव्हा जाड, कडक दोर घर्षणामुळे सरकतच नाही. मूल मध्येच लटकून राहतं आणि रडायला लागतं. आधी खालच्या दोन मीटरवर चढ-उतार करून दाखवा. आणि ती चढत असताना बिले देणाऱ्याने फोटो काढायचे नाहीत. फोटोला आजोबा आहेत.

रानजाई
गाठोडं, आभार. तिचा हार्नेस साधाच आहे, अंगभर शोधते.

सदा, तुमची ती कड्यात दोर ओवायची गोष्ट डोक्यातून जात नाही. नवऱ्याला विचारलं, "तुला येतं का?" तो म्हणाला, "व्हिडिओ बघितलाय." नेमकं कसं करता ते सांगाल का?

साउदॅम्प्टनचा सदा
सांगतो, पण हे वाचून थेट कड्यावर जाऊ नका.

वर पोचलात की आधी स्वतःच्या स्लिंगने (मजबूत पट्टीच्या फासाने) आणि स्क्रूगेट (स्क्रूने बंद होणाऱ्या) कॅराबिनरने अँकरच्या दोन्ही बिंदूंना अडकायचं. खालचा बिले चालूच. मग तुमच्या गाठीपासून थोडा दोर वर ओढायचा, तो दुमडून त्याचा फास कड्यातून ओवायचा. त्या फासाला आठाची गाठ मारून दुसऱ्या स्क्रूगेटने हार्नेसच्या बिले लूपला (पुढच्या मजबूत वळशाला) लावायची, स्क्रू बंद. हे झाल्यावरच मूळ गाठ सोडायची, सुटलेलं टोक कड्यातून ओढून काढायचं. आता "टेक" म्हणायचं, दोरावर वजन येतंय का पाहायचं, नवी गाठ डोळ्यांनी आणि हातांनी तपासायची आणि शेवटी स्लिंग काढायची. या पद्धतीत दोर कुठल्याही क्षणी तुमच्यापासून सुटा होत नाही, हातातून निसटून खाली जाण्याची भीती नाही. कडं फार अरुंद असलं आणि दुमडलेला दोर त्यातून गेलाच नाही तर क्रम बदलतो, तो समोरासमोरच शिका.

आणि सगळ्यांनी माथ्यावरच्या कड्यातून थेट टॉप रोप (वरून आधीच लावलेल्या दोरावर चढणं) करू नये. दिवसभर दोर घासून कडं झिजतं. स्वतःचे दोन क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेली कॅराबिनरची जोडी) किंवा स्क्रूगेट लावायचे, शेवटी उतरणाऱ्यानेच फक्त कड्यातून उतरायचं.

ढाकोबा
ताई, आता थट्टा बाजूला. हे घरी करून बघा. जिन्याच्या कठड्याला किंवा बागेतल्या झाडाला खांद्याच्या उंचीवर एक कडं बांधा, पाय जमिनीवर, हार्नेस घाला आणि सदा म्हणतायत तसं करा. मग तेच संध्याकाळी दमून आल्यावर करा. मग तेच कोणीतरी शेजारी बडबड करत असताना. आमच्याकडे नव्या पोरांना जमिनीवर हे न चुकता आल्याशिवाय कोणी दोराला हात लावू देत नव्हतं.

आणि पहिल्या दिवशी माणूस घ्या बरोबर. मला सह्याद्रीत शिकवणारे होते, पैसे घेत नव्हते, कारण मी त्यांची सॅक वाहायचो. तुमच्याकडे सॅकऐवजी पौंड आहेत.

मालवणी मीठ
ढाकोबांनी इन्स्ट्रक्टर घ्या म्हटलं. या धाग्याची वाचनखूण ठेवलीय.

गवतीचहा
पूर्ण दिवसाचे पैसे जड वाटत असतील तर अर्ध्या दिवसासाठी घ्या. त्याला आधीच सांगा: आम्हाला मार्ग चढवू नकोस, अँकर आणि बोल्ट तपासणं शिकव. दुपारी तुम्ही तुमचे. काही क्लबही नवख्यांना सोबत नेतात, तिथे सॅक वाहायची सोय असते.

रानजाई
अर्धा दिवस ठरला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हेच मी म्हणत होतो." त्याला हा धागा दाखवणार नाहीये.

बिले आम्ही आलटूनपालटून देतो, पण त्याचं वजन माझ्यापेक्षा बरंच जास्त आहे. जिममध्ये जमिनीवर वाळूच्या गोण्या असतात. तिथे काय?

साउदॅम्प्टनचा सदा
पहिल्या बोल्टला अडकवायचं घर्षण वाढवणारं एक यंत्र मिळतं, तुमच्यासारख्या जोड्यांसाठीच. नसेल तर कड्याला चिकटून उभ्या राहा, लांब नाही, आणि तुम्ही वर उचलल्या जाल हे त्याला आधीच माहीत असू द्या. तो पहिल्या-दुसऱ्या बोल्टपाशी असताना दोर सैल सोडू नका. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर चुनखडी वरून कोरडी दिसली तरी भेगांतून झिरपत राहते. तेव्हा चढायचा हट्ट नको, दीपगृह बघा.

स्लाउची सई
आत्ताच धागा वाचला. मलाही यायचंय! गाडीत जागा आहे का? माझ्याकडे ७० मीटरचा रोप आहे.

रानजाई
गाडीत आम्ही तिघं, सासू-सासरे, दोन खुर्च्या आणि धपाट्यांचा डबा. रोपला जागा होईल. तुम्ही वॉटर्लूहून वेमथची ट्रेन पकडा, पुढे पोर्टलंडला बस आहे. संदेश पाठवलाय.